भावनाची पेटी घरी आली

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्याकडून गोड गोष्टीची आशा धरू नका. गोड बोलायचं ते आतून मखमल लावलेल्या पेट्यांनी. मी कारखान्याच्या रिकाम्या पिंपाच्या पत्र्यातून जन्माला आले आहे, आणि उन्हात ठेवली तर अजूनही माझ्या पोटातून औषधाचा उग्र वास येतो.

माझा जन्म बोईसरचा. तारापूरच्या कारखान्यांतली भंगारात निघालेली पिंपं बाजारामागच्या एका शेडमध्ये यायची. तिथे कमलाकांत नावाचा कारागीर ती उभी कापून, हातोडीने बडवून सपाट करायचा. बिहारकडचा माणूस, तोंडात कायम तंबाखू. माझं झाकण त्याने बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं. शेडचा मालक वैतागला, तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "सेठ, ढक्कन ठीक बैठे तो संदूक, नहीं तो कनस्तर." कनस्तर म्हणजे नुसता डबा. मग त्याने मला निळा रंग फासला, पुढे कडी-कोयंडा लावला आणि पाठीवर थाप मारून रांगेत उभी केली. माझं कौतुक म्हणाल तर तेवढंच. त्या थापेवर मी पुष्कळ वर्षं काढली.

मनोरच्या आठवडी बाजारात मला जिवल्या खरपडेने घेतलं. डोंगराच्या कुशीतल्या आंबीपाड्यावर त्याचं घर. पावसाच्या भरवशावरचा जमिनीचा लहानसा तुकडा, त्यात नाचणी आणि तूर. दिवाळी झाली की पाड्यावरची सगळी माणसं जातात तसा तोही वैतरणाकडच्या वीटभट्ट्यांवर जायचा. मला त्याने घेतलं ते धाकट्या भावासाठी, नीलेशसाठी. नीलेश आश्रमशाळेत चालला होता.

इथे एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे, म्हणजे पुढे घोटाळा व्हायचा नाही. डोंगरातल्या पाड्यांवर पोर आश्रमशाळेत घालायचं म्हणजे पेटी आलीच. झाकणावर पोराचं नाव आणि पाड्याचं नाव रंगवून घेतात. मग पेटी डोक्यावर घेऊन बाप पुढे, पोर मागे, अशी वरात शाळेत पोचते. मास्तर नाव लिहून घेतात, बापाचा अंगठा घेतात, आणि पेटी भिंतीशी लागते. सुट्टी लागली की बाप येतो. एका हाताला पोर, डोक्यावर पेटी, चालले घरी. या रीतीला कुणी कायदा म्हटलेलं नाही, पण पाड्यावर तिच्याइतकं पक्कं दुसरं काही नाही. जिथे पेटी ठेवली, तिथून पोर परत येतं.

नीलेश माझ्यासोबत दहावीपर्यंत शिकला. माझ्यात त्याची पुस्तकं होती, चोरून आणलेल्या चिंचा होत्या आणि एकदा आठवडाभर एक जिवंत खेकडाही होता. पुढे त्याला बोईसरला एका कारखान्यात माल भरायच्या खात्यात काम लागलं. तो खोली घेऊन तिकडेच राहिला आणि मी पाड्यावर आले. मग काय, गरज सरो नि वैद्य मरो. माझ्यात तुरीचं बी भरलं, वर कोंबडी बसू लागली. झाकणावरच्या 'नीलेश खरपडे, आंबीपाडा' या अक्षरांवर तिने जे काही केलं, ते मी तुम्हाला सांगत नाही.

तोवर जिवल्याचं लग्न झालं होतं. त्याची बायको मंगळी. बोलायला कमी आणि हाताला जलद अशी बाई. त्यांना एक मुलगी झाली, भावना. भावनाचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला. ती चालायची, पण पावलाच्या कडेवर, तिरकी. तोंड मात्र तिचं सरळ चालायचं. कोंबडीला शिव्या घालायची, मला ढोलकीसारखी वाजवायची, माझ्यात शिरून बसायची आणि मंगळी शोधत फिरली की आतून फिदीफिदी हसायची. पाड्यावर एवढं हसणारं पोर दुसरं नव्हतं.

भट्टीवर ती आईबापाबरोबर जायची. एका वर्षी विटांचा ट्रॅक्टर मागे सरला. बाकीची पोरं पळाली, भावना पळू शकली नाही. मंगळीने तिला केसांना धरून ओढलं म्हणून ती वाचली. मुकादम बन्सी सगळ्यांसमोर म्हणाला, "लंगडी पोर भट्टीवर नको. पुढल्या वर्षाला तिची सोय लावा, नायतर तुमीपण येऊ नका." दुसरं काम होतं कुठे? जवळच्या आश्रमशाळेत विचारलं, तर वय अजून भरलेलं नव्हतं.

मग जीपवाला एकनाथ म्हणाला, "पालघरला संस्था हाय. पोरांना ठेवून घेतात. जेवाण, कपडे, पायाचं औषदपाणी, सगळा तेच करतात."

मंगळीने लगेच मला बाहेर काढलं. तुरीचं बी मडक्यात गेलं, कोंबडीला हुसकलं. राखेने घासघासून मला असं लख्ख केलं की कमलाकांतनेही ओळखलं असतं. आत दोन फ्रॉक, कंगवा, तेलाची बाटली, एक गोधडी आणि भाजलेल्या शेंगा. झाकणावर नाव नीलेशचं असलं तरी पाडा तोच होता, म्हणून रंगाचा खर्च वाचला. जिवल्याने मला डोक्यावर घेतलं. मंगळीने भावनाला कडेवर घेतलं. दिवाळी नुकतीच झाली होती आणि भट्टीचा ट्रक दोन दिवसांत सुटणार होता.

मित्रांनो, ती आश्रमशाळा नव्हती. तिचं नाव मी सांगत नाही, तुम्ही शोधूही नका. ज्यांचं कुणी नाही अशी मुलं तिथे ठेवत आणि मग त्यांना दत्तक देत. काही या देशात, काही परदेशात. काम चांगलं आहे. रस्त्यात टाकलेलं पोर कुणाच्या तरी घरात मोठं होतं, याला कोण नावं ठेवील? पण भावनाला कुणी टाकलेलं नव्हतं.

संस्थेच्या प्रमुख समिधाताई. स्वच्छ सुती साडी, चष्मा, मऊ आवाज. त्यांनी भावनाचा पाय पाहिला, दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि चुकचुकल्या. "हिला असंच ठेवलंत तर पाय कायमचा जाईल," त्या म्हणाल्या. जिवल्याने मान खाली घातली. आपण गुन्हा केला आहे असंच त्याला वाटलं.

"आम्ही ठेवून घेऊ," समिधाताई म्हणाल्या. "पण उद्या सरकारी समितीसमोर यावं लागेल. तिथे विचारतील, मुलीला सांभाळता येत नाही का? हो म्हणा. आढेवेढे घेतलेत तर ठेवता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी नवराबायको गेली आणि दुपारी परत आली. तिथे काय झालं ते जिवल्याने बाहेरच्या बाकावर बसून माईला सांगितलं. माई म्हणजे तिथली मुलं सांभाळणारी, शिरगावची बाई. त्याने सांगितलं की साहेब लोकांनी मोठा कागद वाचला. शाळेत वाचतात त्याच्याहून मोठा. मग मंगळीला विचारलं, हिला सांभाळता येत नाही हे खरं का? मंगळी म्हणाली, "नाय येत. भट्टीवर कसा सांभाळू?" त्यातलं 'नाय येत' तेवढं लिहिलं गेलं. भट्टीचं तसंच हवेत राहिलं. मग दोघांनी अंगठे उठवले. अंगठा तर शाळेतही घेतात.

मंगळीने मला त्या बाकाखाली सरकवलं, भावनाच्या केसांना तेल लावलं आणि म्हणाली, "सुट्टी लागली का येतो. पेटी सांभाळ." भावना रडली नाही. ती माझ्यावर बसून पाय हलवत राहिली. नीलेशकाकाच्या शाळेच्या गोष्टी तिने ऐकल्या होत्या. आता तिची पाळी होती.

कायदा असा आहे की आईबापांनी स्वतः मूल सोपवलं, तर त्यांना फेरविचार करायला साठ दिवस देतात. साठ दिवसांत येऊन 'आमचं मूल द्या' म्हटलं, की देतात. कायदा करणाऱ्यांनी दया दाखवली होती, नाही कशाला म्हणू? पण त्या साठ दिवसांत जिवल्या आणि मंगळी वैतरणाकाठी चिखल तुडवत होती. फेरविचार कसला करायचा? आपण कसला विचार केला आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. साठ दिवस उलटले, आणि भावना कायद्याने मोकळी झाली. मोकळी म्हणजे कुणाचीच नाही. त्या दिवशी ती बाकाखाली शिरून माझ्या कडीला दोरी बांधत होती.

आता तिची माहिती आणि फोटो संगणकावर गेले. आधी देशातल्या लोकांना दाखवतात. देशातल्या कुणी घेतलं नाही तर परदेशातल्यांना. देशातल्या लोकांनी पाय पाहिला, रंग पाहिला, वय पाहिलं आणि पान उलटलं. कुणाला तान्हं हवं होतं, कुणाला उजळ, कुणाला आपल्यासारखं दिसणारं. एक जोडपं दुसरं बाळ पाहायला प्रत्यक्ष आलं होतं. भावना त्यांच्यासमोरून तिरकी तिरकी चालत गेली. ती बाई नवऱ्याला म्हणाली, "अगंबाई, असलीपण ठेवतात का इथं?" भावनाने ऐकलं. तिने उलट त्या बाईलाच जीभ काढून दाखवली. मला फार बरं वाटलं.

शेवटी इटलीतल्या एका जोडप्याने तिला पसंत केलं. माईने विचारलं म्हणून समिधाताईंनी सगळी रीत बाकावर बसून समजावली, आणि मी खालून ऐकली. परदेशातल्या माणसाला इथलं मूल असं थेट मागता येत नाही. त्याच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेतर्फेच अर्ज करावा लागतो. लग्नाला निदान दोन वर्षं झालेली हवीत. दोघांच्या वयांची बेरीज करून बघतात, फार म्हातारे चालत नाहीत. जिवावरचा आजार नाही असा डॉक्टरचा दाखला हवा, मिळकतीचा हवा, पोलिसांचा हवा. ओळखीपाळखीच्या लोकांनी यांची वागणूक चांगली आहे असं लिहून द्यावं लागतं. एक बाई त्यांच्या घरी जाऊन पाहून येते. मुलाला कुठली खोली देणार, शाळा किती लांब, अंगणातल्या तळ्याला कुंपण आहे का, तुमच्या आईने तुम्हाला कधी मारलं होतं का, राग आला तर काय करता. मग त्यांचं सरकार हो म्हणतं, मग आपलं सरकार हरकत नाही म्हणतं, मग कोळगावला जिल्ह्याच्या कचेरीत हुकूम होतो, मग पारपत्र, मग व्हिसा. आणि मूल नेल्यावरही दोन वर्षं ते कसं आहे याचे अहवाल पाठवत राहायचं.

"बापरे," माई म्हणाली, "पोर घेवाला एवढा इचारतात?"

"विचारायलाच हवं," समिधाताई म्हणाल्या. "मुलाच्या आयुष्याचा प्रश्न असतो."

खरं आहे. त्या लोकांना आईबाप होण्यासाठी तळ्याच्या कुंपणापर्यंत विचारलं. मंगळीला आई न राहण्यासाठी एकच प्रश्न पुरला.

ते जोडपं वाईट नव्हतं. मला पुष्कळ वाटतं ते वाईट असावं, म्हणजे शिव्या द्यायला बरं पडेल. पण नव्हतं. त्यांनी फोटोंचा एक जाडजूड संच पाठवला. त्यात लाल कौलांचं घर, एक लठ्ठ मांजर, एक पलंग आणि त्यावर आधीच टाकलेली पिवळी चादर. संगणकाच्या पडद्यावर ते दर आठवड्याला यायचे. ती बाई 'नमस्ते भावना' म्हणायला शिकली होती. भावनाने एकदा मला ओढत ओढत पडद्यापुढे नेलं आणि माझ्यावर थाप मारून म्हणाली, "ही माझी पेटी." त्या उंच माणसाने टाळ्या वाजवल्या. त्याला काय कळलं कुणास ठाऊक.

वैशाखात भट्ट्या बंद झाल्या आणि एका दुपारी जिवल्या आणि मंगळी दारात उभी राहिली. अंगावर भट्टीची लाल धूळ तशीच. शाळांना सुट्टी लागली होती, ती पोर न्यायला आली होती.

"आमी भावनाला न्यायला आलो," जिवल्या म्हणाला. त्याच्या आवाजात जराही शंका नव्हती.

समिधाताईंचा चेहरा उतरला. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि माईला घेऊन आत गेल्या. दार लोटलेलं होतं, पण पत्र्याला भिंतीआडचंही ऐकू येतं.

"ताई, ही माणसा तर पोर परत न्यायला आली हात," माई म्हणाली. "त्यांनी टाकलेली नाय पोर."

"मुदत संपून किती दिवस झाले माई. कायद्याने ती आता त्यांची मुलगी नाही. तिकडे त्या लोकांनी होकार दिलाय, तिची खोली तयार आहे."

"मंग त्यांना सांगा तरी."

"सांगून काय होणार? इथे रडारड होईल, ती पोर बिथरेल, सगळं फिसकटेल. आणि ते तिला नेऊन काय देणार? पुन्हा भट्टी? पुन्हा ट्रॅक्टरखाली? तिचा पाय बरा होणार आहे तिकडे. तुम्हाला तिचं भलं नकोय का?"

माईने पदर खोचला आणि ती पोरीचं न्हाणं उरकायला मागे गेली. शिरगावला तिच्या घरी खाणारी तोंडं होती, आणि ही नोकरी गेली तर दुसरी मिळण्याचं तिचं वय नव्हतं.

मित्रांनो, समिधाताईंनी तेव्हा फाइल उघडली असती, वरच्यांना कळवलं असतं की इथे मोठी चूक झाली आहे, तर कदाचित अजून काही करता आलं असतं. हुकूम झालेला नव्हता. मूल मागच्या पडवीत न्हात होतं. आईबाप पुढच्या बाकावर बसले होते. मध्ये फक्त एक भिंत होती.

समिधाताई बाहेर आल्या आणि हसून म्हणाल्या, "पायाचं ऑपरेशन व्हायचंय तिच्या. आत्ता नेता यायची नाही. दिवाळीला या."

जिवल्याने हात जोडले. खरंच जोडले. मंगळी म्हणाली, "मंग येकदा भेटवा."

"डॉक्टरकडे नेलीय तिला."

मंगळी उठू लागली तशी तिची नजर बाकाखाली गेली. तिने मला पाहिलं. तिचा सगळा चेहरा खुलला. वाकून तिने मला बाहेर ओढलं, पदराने धूळ पुसली, झाकण उघडून फ्रॉक चाचपले. "पेटी हाय," ती नवऱ्याला म्हणाली. एवढंच. त्यावर दोघांचंही समाधान झालं. ओटीत बांधून आणलेली करवंदं तिने पानात गुंडाळून माझ्यात ठेवली, झाकण लावलं आणि दोघं उन्हात चालू लागली.

मला तोंड आहे, मित्रांनो, एवढं मोठं आहे की अख्खी पोर मावते. पण त्यातून शब्द फुटत नाही. त्या दिवशी कमलाकांतला मी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या. झाकण नीट बसवलंस, त्यापेक्षा बोलणारं बसवलं असतंस तर!

संध्याकाळी भावनाने झाकण उघडलं. तिला करवंदं दिसली. मग धावत, म्हणजे तिच्या त्या तिरक्या चालीने, ती माईकडे गेली. "आई आल्ती?"

"नाय गं," माई म्हणाली.

"मग ही कोणी ठेवली?"

"मीच आणली बाजारातून. खा."

भावनाने एक तोंडात टाकलं आणि माईकडे नुसती बघत राहिली. बाजारातली करवंदं कुणी कुड्याच्या पानात गुंडाळत नाही, हे आंबीपाड्याच्या पोरीला कळत होतं. त्या दिवसापासून तिचं हसणं कमी झालं. इटलीच्या फोटोंकडे ती आता नीट बघू लागली.

पाऊस सरला आणि ते जोडपं स्वतः आलं. बोईसरच्या हॉटेलात उतरलं. मूल न्यायला दोघांनी यावं लागतं, तसा नियमच आहे. ती बाई गुडघ्यांवर बसली आणि भावनाच्या पायाला तिने असा हात लावला की जणू दुखेल. तिला रडू आलं. भावनाने तिचे डोळे फ्रॉकने पुसले. आता मी कुणाला काय म्हणू?

पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावी लागते. ती घेतली तेव्हा काय झालं, ते समिधाताईंनी परत आल्यावर माईला हसत हसत सांगितलं. भावनाला प्रेमाने विचारलं होतं, "बाळा, जाशील ना यांच्याबरोबर?" भावनाने उलट विचारलं, "पेटी नेऊ?" सगळे हसले. "ने की," कुणीतरी म्हणालं. मग भावना म्हणाली, "हो." तशी नोंद झाली. मुलीने आनंदाने संमती दिली.

त्यांना वाटलं पोरीला पेटीचा लळा आहे. त्यातल्या एकालाही कळलं नाही की तिने काय विचारलं होतं. पेटी न्यायची असली तर जायला तिची ना नव्हती, कारण मग परत यायचं ठरलेलंच होतं.

निघायच्या सकाळी तिने माझ्यात सगळं भरलं. फ्रॉक, कंगवा, रिकामी तेलाची बाटली, फोटोंचा संच. तो उंच माणूस मला उचलायला वाकला. खरंच वाकला, त्याला मला न्यायचं होतं. पण समिधाताईंची नजर झाकणावर गेली. नीलेश खरपडे, आंबीपाडा. मुलीच्या जन्मदात्यांची ओळख गुप्त ठेवायची असते. कुठलं नाव, कुठला पाडा, काही सोबत जाता कामा नये. त्यांनी त्या माणसाला सांगितलं की पेटी गंजलेली आहे, कडेने पत्रा कापतो, विमानात घेणार नाहीत. त्याने पटकन हात मागे घेतला. ती बाई चाकांची नवी गुलाबी बॅग घेऊन आली होती.

माझ्यातलं सगळं त्या बॅगेत गेलं. भावना आधी नुसती बघत राहिली. मग तिने माझी कडी धरली. दोन्ही हातांनी धरली आणि ओरडू लागली, "पेटी! माझी पेटी!" ते दोघं घाबरले, एकमेकांकडे पाहू लागले. माई तिची बोटं एकेक करून सोडवत होती आणि स्वतः हुंदके देत होती. गाडीचं दार लागल्यावरही तो आवाज येत होता. मग गाडी हायवेकडे वळली.

पुढे दिवाळी आली. जिवल्या आणि मंगळी आली, आणि या खेपेला कारखान्याला सुट्टी होती म्हणून नीलेशही सोबत आला. मंगळीने पोरीसाठी बिनटाचेची चप्पल आणली होती, बरा झालेला पाय सुखाने बसावा म्हणून.

समिधाताईंनी आता सगळं सांगितलं. मऊ आवाजात, चष्मा पुसत. मुलगी दत्तक गेली आहे, परदेशात आहे, सुखात आहे, तिकडचे डॉक्टर पाय बरा करणार आहेत. जिवल्या ऐकत होता, पण त्याला काही पोचत नव्हतं. नीलेशला पोचलं. तो उभा राहिला.

"उन्हाळ्यात आले होते ना दादा-वहिनी? तेव्हा का नाय सांगितलंत?"

"तेव्हाही मुदत टळलेलीच होती रे."

"पण पोर हितंच होती ना?"

समिधाताईंचे डोळे भरून आले. मला त्या पाण्याचं काडीचं काही वाटलं नाही. त्यांनी माईला खूण केली, "त्यांची पेटी त्यांना देऊन टाका."

ही त्यांनी दाखवलेली माया होती बरं का, मित्रांनो. तुमची वस्तू तुम्हाला.

माईने मला बाकाखालून ओढलं आणि मंगळीसमोर ठेवलं. आत्तापर्यंत मंगळी नवऱ्याच्या तोंडाकडे, दिराच्या तोंडाकडे पाहत होती. आता तिने झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

पाड्यांवर पेटी एकटी परत येते ती एकाच कारणाने. शाळेत पोर तापाने गेलं, साप चावून गेलं, तर मास्तर जीपमध्ये घालून पेटी घरी पाठवतात. त्याशिवाय कधी नाही. कुठलीही आई पेटीमागे पोर दिसलं नाही की कुणाला काही विचारत नाही.

मंगळीनेही विचारलं नाही. तिने तिथेच, त्या पुसलेल्या फरशीवर, कपाळ बडवायला सुरुवात केली. नीलेश तिचे हात धरत होता, "वहिनी, जिती हाय गं पोर, जिती हाय!" समिधाताई फोटो आणा, फोटो आणा म्हणून ओरडत होत्या. कोण बघतंय फोटो? जिवल्याने मला डोक्यावर घेतलं. रिकामी पेटी केवढी हलकी असते, तरी त्याच्या मानेला ती पेलेना.

नीलेश कोळगावच्या कचेरीत गेला. तिथल्या माणसाने त्याला खुर्ची दिली आणि नियम सांगितला. हुकूम झालेला आहे. कागद गुप्त असतात. मुलगी मोठी झाल्यावर तिला वाटलं तर ती आपले आईबाप कोण याची चौकशी करू शकते. आईबापांना मुलगी कुठे आहे याची चौकशी करता येत नाही. नीलेशने ते पाड्यावर येऊन सांगितलं. कुणी मान हलवली, कुणी नाही.

भगताला बोलावून भावनाचे दिवस घातले. पाड्याला जेवण दिलं. जिवंत पोरीचे दिवस, मित्रांनो. तिकडे ती पिवळ्या चादरीवर झोपली असेल, मांजर जवळ घेऊन. तिचा पाय सरळ झाला असेल. झालाच असावा, तेवढं तरी झालेलं असावं. आणि इकडे तिच्या नावाने पान वाढलं गेलं.

परवा नीलेश आला होता. अजून एकदा त्याने सांगून पाहिलं, "वहिनी, ती मोठी झाली का तुला शोधत येईल." मंगळी नाचणी पाखडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "जिती असती तर पेटी टाकून गेली नसती."

मी आता दाराच्या आडोशाला आहे. माझ्यात कुणी काही ठेवत नाही. मेल्या माणसाची वस्तू वापरत नाहीत. कड गंजली आहे, झाकण अजून चोख बसतं.

मला सांभाळा, रंग द्या, असं मी म्हणणार नाही. पत्रा आहे, गंजायचाच. मागणं मागते ते वेगळं आहे. तुमच्यातलं कुणीतरी शिकून मोठं होईल आणि अशा एखाद्या कचेरीत खुर्चीवर बसेल. समोर एक बाई पोर कडेवर घेऊन उभी असेल, पायाशी पेटी असेल. तिचा अंगठा घेण्याआधी तिला एवढंच विचारा, "बाई, पोरीला परत न्यायला कधी येणार?" तिने उत्तर दिलं, तर तो कागद फाडून टाका. मंगळीला हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिने एका दमात सांगितलं असतं.